नक्की कुठे?

फोटोत समुद्र असला तरी मी आधी समुद्राकडे बघत नाही, वाळूकडे बघतो. वाळू काळपट, ओलसर, जवळजवळ चिखलाकडे झुकलेली असेल तर अलिबाग शहराच्या आसपास. पांढरट असेल आणि मागे सुरूची झाडं असतील तर काशिद. वाळू नाहीच, नुसता काळा खडक आहे आणि लाटांनी त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत, तर हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट. इतकं झालं की मग बाकीचा फोटो बघायचा.

हा खेळ तुमच्याही एखाद्या ग्रुपमध्ये चालत असेल. कुणीतरी ट्रिपचा फोटो टाकतो, कॅप्शन देत नाही, फार तर डोळा मारणारी एक इमोजी. मग बाकीचे ओळखायला बसतात. जगभर या खेळाचं मोठं प्रकरण झालं आहे. २०१३ मध्ये एका स्वीडिश प्रोग्रामरने जिओगेसर नावाचा गेम काढला, आणि आता त्याच्या स्पर्धा होतात. रस्त्याकडेच्या खांबावरून, पाट्यांच्या रंगावरून, मातीवरून काही सेकंदांत देश सांगणारे लोक स्टार झालेत. पण त्यांची सगळी मदार गूगल स्ट्रीट व्ह्यूवर. भारतात ते २०२२ मध्ये आलं तेव्हा मोजक्या दहा शहरांपुरतं होतं. मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर त्यांत होती, आगरदांडा आणि बागमांडला नव्हते. त्यामुळे रायगडच्या किनाऱ्यावर हा खेळ खेळायचा तर खांब उपयोगाचे नाहीत. गाड्यांच्या नंबरप्लेटही नाहीत. एमएच-०६ म्हणजे रायगड हे खरं, पण शनिवारी-रविवारी फोटोत एमएच-१२ आणि एमएच-१४ची रांग दिसली तर समजावं की हे पुणे नसून नक्की काशिद आहे.

मग काय वापरायचं? पक्षी वापरायचे. बोटीमागे कुरव पक्ष्यांचा थवा असेल तर फोटो हिवाळ्यातला, कारण उन्हाळ्याच्या तोंडाशी ते निघून जातात. त्यांच्यातले तपकिरी डोक्याचे तर लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर अंडी घालायला जातात. बोटी किनाऱ्यावर ओढून, झाकून ठेवलेल्या दिसल्या तर जून-जुलै, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बांबूंच्या रांगांवर बोंबील वाळत असतील तर तळकोकण बहुधा बाद. लालभडक जांभ्याचा कातळ दिसायला लागला की तुम्ही रायगडच्या दक्षिण टोकाकडे, श्रीवर्धनच्या आसपास आलात किंवा खाडी ओलांडून रत्नागिरीत गेलात. दाट जंगलात पाणवठा आहे, वर शेकरूचं घरटं आहे आणि समुद्र फार लांब नाही असं वाटतंय, तर फणसाड. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं ते शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. तिथे पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात.

किल्ले तर सोपेच. भिंती थेट पाण्यातून वर आलेल्या, खाली वाळूचा कण नाही: जंजिरा. भिंतीतले दगड झिजून आत गेलेत आणि त्यांच्यामधला चुना मात्र जाळीसारखा उभा आहे: पद्मदुर्ग. नुसते चिरे एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही आणि शेजारी एक धाकटा कोट: कुलाबा, शेजारी सर्जेकोट. दोन बेटं दिसतायत, एकावर दीपस्तंभ आहे: खांदेरी-उंदेरी. इथे जास्त मजा आहे. उंदेरी किनाऱ्याला जवळ आणि खांदेरी लांब, त्यामुळे तुम्ही किनाऱ्याने चालत गेलात की दोन बेटांमधली फट कमी-जास्त होत जाते. फोटोतली ती फट बघून फोटो काढणारा कुठल्या गावात उभा होता ते सांगता येतं.

पण मला सगळ्यात आवडते ती भरतीची खूण. आपल्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. दशमी असेल तर दहाचे पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास भरती, म्हणजे ओहोटी सहाच्या सुमाराला. अष्टमीला बरोबर उलटं: सहाला भरती, बाराला ओहोटी. आता कुलाबा किल्ल्याकडे लोक चालत निघालेत असा फोटो घ्या. समुद्राचा तळ चांगला कोरडा पडलाय आणि माणसांच्या सावल्या लांब आहेत, तर उधाणाचे दिवस, अमावास्या किंवा पौर्णिमा जवळ. सावल्या पायाशी आहेत आणि पाणी गुडघ्याला लागतंय, तर भांगाचे दिवस, अष्टमीच्या मागेपुढे. म्हणजे फोटोवरून नुसती जागा नाही, तिथीसुद्धा निघते. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आणि इथेच प्रश्न सुरू होतो. हे जे मला जमतं ते ज्ञान आहे का?

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस असाच एक रस्त्याचा दाखला देतो. लारिसा नावाच्या गावाला जायचंय. एकाला रस्ता माहीत आहे, तो पूर्वी गेला आहे. दुसरा कधी गेलेला नाही, पण त्याचा अंदाज बरोबर आहे. दोघेही तुम्हाला लारिसाला पोचवतील. मग माहिती असण्यात आणि अंदाज बरोबर असण्यात फरक काय? सॉक्रेटिसचं म्हणणं असं की बरोबर अंदाज हा डेडॅलसने घडवलेल्या पुतळ्यांसारखा असतो, बांधून ठेवला नाही तर पळून जातो. कारणाशी बांधला की त्याचं ज्ञान होतं.

मला हा दाखला आवडतो, पण रायगडच्या किनाऱ्यावर तो पुरत नाही. माझा अंदाज कारणांना चांगला घट्ट बांधलेला असतो: वाळू, तिथी, बेटांमधली फट. पुतळा पळून जाणार नाही. तरीही थळच्या कोळ्याला खांदेरी माहीत असणं आणि मला माहीत असणं या दोन गोष्टी एक नाहीत. त्याला ठाऊक असलेल्या जागेत काय करू नये हेही सामील आहे. कुठल्या वाऱ्यात बोट लावायची नाही, पाणी कुठे पायाखालची वाळू काढतं, भरती लागली की किती वेळ हातात आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यांना जागेचं नाव माहीत होतं, पत्ता माहीत होता. नकाशावरचा ठिपका बरोबर होता. ठिपक्यात भरती-ओहोटी नसते.

कोळ्याच्या ज्ञानात आणखी एक गोष्ट असते, गप्प बसण्याची. समुद्रात जाळं कुठे टाकायचं हे किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठरवण्याची रीत जुनी आहे. डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस, दीपस्तंभ आणि माडांची रांग. जीपीएस आल्यावर खुणांची जागा आकड्यांनी घेतली. पण खुणा असोत की आकडे, चांगली जागा कुणी चारचौघांत सांगत सुटत नाही. आपल्या पोराला सांगतो, भावाला सांगतो, ज्याच्याबरोबर जाळं ओढायचंय त्याला सांगतो. म्हणजे ठिकाण माहीत असणं आणि ते कुणाला सांगायचं हे माहीत असणं, या तिथे वेगळ्या गोष्टीच नाहीत. आपल्या खेळात त्या वेगळ्या झाल्या. आपल्याला फक्त पहिली हवी असते, आणि ती सगळ्यांसमोर, लवकरात लवकर, दुसऱ्या कुणी उत्तर द्यायच्या आत.

काही महिन्यांपूर्वी आमच्या ग्रुपवर एक फोटो आला. फिरत फिरत आलेला, मूळ कुणी काढला ते कळायला मार्ग नाही. समुद्रगरुडाचं घरटं, काटक्यांचा मोठा भारा, त्यात पिल्लू, मागे समुद्राची एक पट्टी. फोटो काढणाऱ्याने कुठेही जागा लिहिलेली नव्हती. मी चार मिनिटांत ओळखली. कशावरून ते इथे लिहीत नाही, नाहीतर हा लेखच उत्तर होऊन बसेल. मी ग्रुपवर लिहिलं: ‘रायगड.’ एका मित्राचा लगेच मेसेज: ‘ते आम्हालाही कळतंय रे. नक्की कुठे?’

मी सांगितलं नाही. तो दोन दिवस फुगून होता. त्याचं म्हणणं मात्र सोडून देण्यासारखं नव्हतं, म्हणून ते नीट मांडतो. तो म्हणाला, फोटो उघड आहे. समुद्राची पट्टी त्यात आहे, झाड त्यात आहे. तू काही चोरून आणलेलं नाहीस, जे सगळ्यांसमोर आहे तेच वाचलंस. वाचता येणाऱ्याने वाचून दाखवलं तर त्यात पाप कसलं?

याचं एक उत्तर जपानमधून मिळतं. २०१९ मध्ये तिथे एका पॉप गायिकेवर तिच्या घराच्या दाराशी हल्ला झाला. हल्लेखोराने तिचं स्टेशन शोधलं होतं ते तिच्या सेल्फीवरून: तिच्या डोळ्यांच्या बुबुळात पडलेलं प्रतिबिंब मोठं करून, ते स्ट्रीट व्ह्यूशी ताडून. ते प्रतिबिंबही उघडच होतं. तिनेच टाकलेल्या फोटोत होतं. पण सुटे पडलेले तुकडे आणि जोडून तयार केलेला पत्ता या दोन गोष्टी सारख्या नाहीत. जोडण्याचं काम कुणीतरी करावं लागतं, आणि ज्याने ते केलं त्याच्याकडे त्याची जबाबदारी येते. हेलन निसेनबॉम या अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ खासगीपणाबद्दल असं मांडतात की माहिती गुप्त आहे की उघड एवढाच प्रश्न नसतो. ती ज्या संदर्भात दिली गेली त्या संदर्भाचे नियम पाळले गेले का, हा असतो. डॉक्टरला सांगितलेलं मालकाच्या कानावर गेलं तर ‘तू सांगितलंच होतंस की’ हे उत्तर चालत नाही. घरट्याचा फोटो काढणाऱ्याने घरटं दाखवलं होतं, जागा दाखवली नव्हती. त्याचं गप्प बसणं हा त्या फोटोचाच भाग होता, कॅप्शन लिहायला विसरला असं समजायचं कारण नव्हतं.

गरुड काही तक्रार करणार नाही, हे खरं. पण प्राण्यांच्या बाबतीत हा धोका कल्पनेतला नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या राखीव रानांत पर्यटकांना पाट्या लावून सांगितलं गेलं की गेंड्याचे फोटो टाकताना फोनचं जिओटॅग बंद करा, शिकारी ते वाचतात. आयनॅचरलिस्टवर तुम्ही दुर्मीळ प्राण्याची नोंद केली तर नकाशावरचा ठिपका आपोआप वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी भिरकावला जातो. २०१७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात डेव्हिड लिंडेनमायर आणि बेन शीले या दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी लिहिलं की दुर्मीळ जीव नेमका कुठे सापडतो हे शोधनिबंधात छापणंच आता थांबवायला हवं. शास्त्रज्ञांनी अचूकपणा सोडावा असं शास्त्रज्ञच म्हणतायत, ही लहान गोष्ट नाही. माझं ‘रायगड’ हे उत्तर त्या वीस किलोमीटरच्या चौकोनाचीच गावठी आवृत्ती होती.

इथवर आलं की निष्कर्ष सोपा वाटतो: ओळखा, पण सांगू नका. मला हा निष्कर्ष पटत नाही. म्हणजे गरुडाच्या बाबतीत पटतो, पण त्याचा नियम करायला निघालं की तो भलत्याच लोकांच्या कामाला येतो.

खाडी ओलांडून जरा पलीकडे बघू. बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटच्या खाडीपलीकडे गेलं की थोड्या अंतरावर वेळास. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी उकरून विकली-खाल्ली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा दोरीमागे उभं राहून बघायला लोक येतात, गावातल्या घरांत उतरतात, तिथेच जेवतात. वेळास हे नाव लपवलं असतं तर कासवं वाचली असती का? मला वाटत नाही. नाव सांगितलं म्हणून वाचली. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावची गिधाडंही तशीच. डायक्लोफिनॅक या जनावरांच्या औषधाने देशभरातली गिधाडं मेली, २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली, आणि चिरगावात महाडच्या सीस्केप संस्थेने गावाच्या साथीने उरलेली गिधाडं जपली. तिथलं नाव पेपरात छापून आलं, पुन्हा पुन्हा आलं. गावाला त्याचा अभिमान आहे.

आणि खारफुटी. पेण-उरणच्या बाजूला खाडीत भराव टाकून रात्रीत तिवरं बुजवली जातात. अशा वेळी ‘रायगडमध्ये कुठेतरी खारफुटी तोडली जातेय’ अशी तक्रार करून बघा. कुणीही हलणार नाही. गाव हवं, सर्व्हे नंबर हवा, शक्यतो अक्षांश-रेखांश हवेत. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर खारफुटी तोडायला आणि तिथे बांधकाम करायला मनाई केली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकालात खारफुटी नष्ट करणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. पण हा निकाल जमिनीवर उतरतो तो ठिकाण सांगणाऱ्या माणसामुळे. मोबाइलमधला फोटो, त्यात मागे दिसणारी डोंगराची कड, एखादा टॉवर, आणि त्यावरून ‘ही अमुक गावची खाडी’ असं म्हणणारा कुणीतरी. तिथे माझ्यासारख्याने चौकोनात ठिपका भिरकावला तर तो शहाणपणा ठरणार नाही, ती भराव टाकणाऱ्याला केलेली मदत ठरेल.

शिवाय ‘आपली गुप्त जागा’ हे प्रकरण मला नेहमी जरा संशयास्पद वाटतं. अलिबाग तालुक्यात उंच कुंपणांचे बंगले वाढत गेलेत, आणि ‘अजून लोकांना माहीत नाही’ ही तिथल्या जमिनीची जाहिरात असते. लोकांना म्हणजे कुणाला? ज्या गावातली माणसं शंभर वर्षं त्या वाटेने समुद्रावर जातायत त्यांना चांगलं माहीत आहे. लपवण्याने गर्दी थांबते, तशी कधीकधी फक्त बाकीच्यांचीच वाट थांबते. जागा लपवून ठेवणं ही निसर्गसेवा आहे असं म्हणणाऱ्या माणसाचा तिथे प्लॉट आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

मग फरक कुठे करायचा? प्राणी की किल्ला, दुर्मीळ की साधं, अशी विभागणी करून मी बघितली, ती टिकत नाही. वेळासची कासवं दुर्मीळच आहेत आणि सांगितल्याने वाचली. उलट माणगाव तालुक्यातला देवकुंडचा धबधबा हा काही दुर्मीळ जीव नाही, पण एका पाठोपाठ एक फोटोंनी तो इतका गाजला की बुडण्याच्या घटनांनंतर पावसाळ्यात तिथे जायला प्रशासनाला बंदी घालावी लागली. त्याच तालुक्यात कुंभ्याच्या धबधब्याजवळ जुलै २०२४ मध्ये रील करताना एक तरुणी दरीत पडून गेली. तिला काढायला दोर लावून उतरले ते बचाव पथकांचे लोक होते. ज्यांनी ज्यांनी ‘हिडन जेम’ म्हणून ते ठिकाण मिरवलं त्यांच्यातलं कुणी दोराच्या वरच्या टोकालाही उभं नव्हतं.

वेळास आणि देवकुंड यांच्यातला फरक मला शेवटी असा दिसतो: वेळासने स्वतःचं नाव स्वतः सांगितलं. म्हणजे जे लोक नंतर दोरी धरून उभे राहणार होते, ज्यांना रात्री उठून वाळू तपासायची होती, पाहुण्यांची भाकरी थापायची होती, त्यांनी ठरवलं. देवकुंडचं नाव सांगितलं ते संध्याकाळी घरी परत जाणाऱ्यांनी. उत्तराचा परिणाम ज्याच्या अंगावर येणार आहे त्याचा उत्तरात हात असला पाहिजे, एवढंच मला म्हणता येतं. गरुडाचा हात असू शकत नाही. पण त्या झाडाखाली घर असलेल्या माणसाचा असू शकतो, आणि मी त्याला विचारलेलं नव्हतं.

यावर मित्राने टाकलेला शेवटचा पत्ता असा: ‘तू नाही सांगितलंस तर एआय सांगेल.’ हे खरं होत चाललंय. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या काही विद्यार्थ्यांनी पिजन नावाची प्रणाली तयार केली, तिने जिओगेसरच्या नामांकित खेळाडूला हरवलं. आता तर फोनमधल्या कुठल्याही चॅटबॉटला फोटो दिला तरी तो अंदाज बांधायला लागतो. मी करून बघितलं आहे, पण घरट्याच्या फोटोवर नाही. कुलाब्याचा फोटो त्याने झटक्यात ओळखला. नागावमधल्या एका साध्या बोळाच्या फोटोवर तो केरळपर्यंत जाऊन आला. ज्या जागांचे हजारो फोटो नावासकट पडलेत त्या त्याला येतात. ज्यांची नावं कुणी लिहिली नाहीत तिथे तो चाचपडतो. म्हणजे आपण दिलेली उत्तरं हेच त्याचं पाठ्यपुस्तक. ‘मी नाही तर दुसरा कुणी सांगेल’ हा युक्तिवाद तसाही कच्चाच, पण इथे तर तो दुसरा माझ्याच उत्तरावर पोसलेला आहे.

तरीही मी हा खेळ सोडलेला नाही. सोडावा असंही वाटत नाही. एखादी जागा तिच्या वाळूवरून, पाण्यावरून, पाखरांवरून ओळखता येणं यात जिव्हाळा आहे. सालिम अली १९३०च्या सुमाराला किहीमला राहून सुगरणींची घरटी बघत बसले तेव्हा ते एकाच ठिकाणाकडे महिनोन्महिने बघत होते, आणि सुगरण नराचा बहुपत्नी संसार त्यातून उलगडला. बघण्याची ती चिकाटी मला एका फोटोपुरती तरी साधावी असं वाटतं. उत्तर ओरडून सांगणं ही वेगळी हौस आहे, आणि ती मला कमी कमी वाटत चालली आहे.

पण काही उत्तरं द्यावीच लागतात. या किनाऱ्याने आडनावांत जिओटॅग लावून माणसं जगभर पाठवली आहेत. बेने इस्रायली लोक अनेक शतकं इथल्या गावांत तेलाचे घाणे चालवत राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावं बघा: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, दिवेकर. इस्रायल झाल्यावर बहुतेक तिकडे गेले. गाव सुटलं, आडनाव राहिलं. त्या घरांतली तिसरी-चौथी पिढी कधीकधी एखादा जुना फोटो घेऊन विचारत येते.

मागच्या वर्षी असाच एक फोटो दोघातिघांच्या हातून माझ्यापर्यंत आला. एका आजीच्या लग्नाआधीचा. पडवी, पडवीत पाच माणसं, कडेला रहाटाची विहीर, मागे पोफळी, पोफळींच्या वर डोंगराची कड. आडनावावरून गाव कळत होतं, घर कळत नव्हतं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा त्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यामुळे झाडांवरून काही ताडायची सोय नव्हती. पडवी कधीच गेली असणार. डोंगराची कड तेवढी शिल्लक. मी एका रविवारी बाइक काढून गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, फोन समोर धरून, कड जुळेपर्यंत. जुळली तिथे सिमेंटचं घर होतं, मागे विहीर होती, रहाट नव्हता. घरात एक काकी होत्या. त्यांना फोटो दाखवला, कोण विचारतंय ते सांगितलं आणि पत्ता कळवू का म्हणून विचारलं. त्यांनी फोटो बराच वेळ हातात धरला. म्हणाल्या, ‘कळव की. ये म्हणावं. विहिरीचं पाणी अजून गोड आहे.’

त्या लोकांना मी गावाचं नाव पाठवलं, आळीचं नाव, स्टँडवरून कुठल्या देवळाशी वळायचं ते, आणि डोंगराच्या कडेवर लाल रेघ मारलेले दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून. ते डिसेंबरात येणार आहेत. आजीला समुद्रावर जायचंय म्हणे, म्हणून त्या आठवड्यातल्या तिथी बघून ओहोटीच्या वेळाही लिहून दिल्या.